सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे सराउंड स्पीकर कसे लावायचे?

टीव्हीखाली रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप) आहे, पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर असे तीन स्पीकर आहेत, कोपऱ्यात सबवूफर आहे. मागचे दोन आणले की ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, पूर्ण. जोडी घरी येते, खोका उघडला जातो आणि मग लक्षात येतं की आपण जिला ‘मागची जागा’ धरून चाललो होतो ती घरात नाहीच. सोफ्याच्या पाठीला भिंत, उजवीकडे बाल्कनीचा सरकता दरवाजा, डावीकडे बेडरूमकडे जाणारा पॅसेज. पुण्या-मुंबईतल्या टू-बीएचकेचे कितीतरी हॉल असेच असतात. म्हणून इथे कुठला स्पीकर घ्यावा यापेक्षा तो कुठे लावावा यावर जास्त बोलणार आहे. जागा जमली तर साधी जोडीही छान वाजते. जागा चुकली तर महागडी जोडी लावूनही आठवड्याच्या आत घरातलं कोणीतरी म्हणतंच, “ते मागचे जरा बंद कर ना.”

आधी रिसीव्हरच्या पाठीमागे टॉर्च मारा

खरेदीला जाण्याआधी आपल्याकडे जे आहे ते मागचे स्पीकर चालवू शकतं का, हे पाहायचं.

रिसीव्हर असेल तर मागच्या बाजूला ‘सराउंड’ लिहिलेल्या लाल-काळ्या टर्मिनलच्या दोन जोड्या दिसतील. सात चॅनेलच्या रिसीव्हरवर शेजारीच ‘सराउंड बॅक’ नावाच्या आणखी दोन असतात. ५.१ ची जोडी ‘सराउंड’मध्येच लावायची. ‘बॅक’ हा शब्द बघून अनेक जण तिथे वायर खुपसतात आणि मग स्पीकर बिघडलेले आले म्हणून दुकानात भांडायला जातात. ‘सराउंड बॅक’ ही ७.१ मधली जादा जोडी. आधी ‘सराउंड’ची जोडी लागलेली असेल तरच तिला काम मिळतं.

साउंडबार असेल तर विषय वेगळा. त्याला बाहेरून कुठलेही स्पीकर जोडता येत नाहीत. त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला वायरलेस रिअर किट असेल तरच मागचे स्पीकर मिळतात, आणि ती मॉडेलची यादी कंपनीच्या पानावर स्वतः तपासावी. दुकानदाराच्या “हो हो, चालतो” वर जाऊ नये. वायरलेस म्हणजे फक्त आवाजाची वायर वाचते. त्या स्पीकरना वीज लागतेच, म्हणजे सोफ्यामागे प्लग पॉइंट हवा. तो नसेल तर आवाजाची वायर टाळण्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड हॉलभर फिरवण्याची वेळ येते.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या असेंबल केलेल्या ‘५.१’ अँपबद्दल एकच प्रश्न विचारा : याला एचडीएमआय किंवा ऑप्टिकल इनपुट आहे का, आणि आत डॉल्बी-डीटीएसचा डीकोडर, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा करणारा भाग, आहे का? फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचा स्टिरिओ इनपुट असेल तर मागच्या स्पीकरना वेगळा आवाज मिळतच नाही. पुढचाच आवाज थोडाफार फिरवून मागे पाठवला जातो. आणि खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला दावा) वॅटचा भलामोठा आकडा छापलेला असेल तर तो वाचूच नका.

मागचे म्हणजे नेमके कुठले

सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी टीव्हीकडे तोंड करून बसा. नाकासमोर शून्य अंश. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले की ते ९० अंश. डॉल्बीच्या मांडणीत ५.१ चे सराउंड स्पीकर ११० ते १२० अंशांवर असतात, म्हणजे खांद्याच्या रेषेपासून थोडेसेच मागे. डोक्याच्या थेट पाठीमागे नव्हेत. ७.१ मध्ये बाजूची जोडी ९० ते ११० अंशांवर येते आणि खरी पाठीमागची १३५ ते १५० वर.

हे कोन घरात टेपने मोजता येतात. समजा डोक्यापासून बाजूची भिंत दीड मीटरवर आहे. १०० अंशासाठी स्पीकर खांद्याच्या रेषेपासून साधारण २५ सेंटीमीटर मागे हवा, ११० अंशासाठी साधारण ५५ सेंटीमीटर. सोफा भिंतीला टेकलेला असतो तेव्हा डोकं आणि भिंत यांत जेमतेम फूटभर अंतर उरतं. म्हणजे काहीच न हलवता १०० अंश मिळून जातात, आणि सोफा एक फूट पुढे ओढला की ११०. एवढ्या एका फुटाने जो फरक पडतो तो दुप्पट किमतीचे स्पीकर आणून पडत नाही. शिवाय डोकं भिंतीपासून सुटल्यामुळे खर्जही जरा आवरतो. घरच्यांना ‘सोफ्यामागे झाडता येतं’ हे कारण सांगावं, ते पटतं.

उंचीचा विचार आता करू. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. स्पीकर त्यापेक्षा दीड-दोन फूट वर, म्हणजे जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवावा. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सोफ्यावर चार जण बसले की कडेच्या माणसाचा कान स्पीकरपासून दोन फुटांवर येतो आणि दुसऱ्या कडेच्या माणसाचा आठ फुटांवर. स्पीकर कानाच्या उंचीवर असेल तर कडेवरच्याला पूर्ण सिनेमाभर एकच स्पीकर ऐकू येतो. तो वर नेला की दोघांच्या अंतरातला फरक घटतो आणि आवाज एका बिंदूतून आल्यासारखा न वाटता पसरतो. पुढे कधी छतावरचे ॲटमॉस (वरून आवाज देणारे) स्पीकर लावायचा बेत असेल तर मात्र हे खालचे कानाच्या पातळीजवळच ठेवा, नाहीतर खालचा आणि वरचा यांत फरकच जाणवणार नाही.

आता अडचणीच्या हॉलकडे येऊ. एका बाजूला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला पॅसेज किंवा काचेचा दरवाजा. एक स्पीकर भिंतीवर आणि दुसरा स्टँडवर लावायला हरकत नाही, पण दोघांची उंची आणि डोक्यापासूनचं अंतर शक्य तितकं सारखं ठेवा. दोन्हीकडे भिंत नसेल तर दोन्ही स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवरच घ्या. सोफ्याच्या दोन्ही टोकांच्या बाहेर, जितके लांब नेता येतील तितके लांब, आणि फिरणाऱ्या ब्रॅकेटवर. त्यांचं तोंड प्रेक्षकांच्या डोक्यावर न रोखता एकमेकांकडे वळवा, म्हणजे आवाज सोफ्याच्या वरून आडवा जातो. पीओपीच्या छतात सीलिंग स्पीकर बसवणं हा शेवटचा पर्याय. दिसायला सगळ्यात नीटनेटका, पण रस्त्यावरची गाडी डोक्यावरून गेल्यासारखी वाटते.

भिंतीला भोक पाडण्याआधी दोन-तीन संध्याकाळी तात्पुरती मांडणी करून ऐका. स्टूल, त्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, त्यावर स्पीकर. दिसायला भयानक, पण डावीकडचा स्पीकर फ्रिजच्या आवाजात बुडतो की काय, पडद्यामागे जातो की काय, हे सगळं इथेच कळतं. जागा पक्की झाली की भिंतीवर मास्किंग टेपने खूण करा.

सात चॅनेलचा रिसीव्हर आहे म्हणून ७.१ करावं का? सोफा भिंतीला टेकलेला असेल तर माझं मत नाही असंच आहे. पाठीमागची जोडी बसायला डोक्यामागे निदान तीन-चार फूट मोकळी जागा लागते. ती नसेल तर उरलेले दोन चॅनेल पुढे कधीतरी लावायच्या छतावरच्या दोन स्पीकरसाठी राखून ठेवा.

स्पीकर निवडणं

यावर फार वेळ घालवू नका. पुढच्या स्पीकरच्याच कंपनीची, शक्यतो त्याच मालिकेतली लहान जोडी घ्या. मागचे थोडे वेगळ्या स्वभावाचे असले तरी सेंटर वेगळा असल्याइतकं खटकत नाही. भिंतीवर टांगायचे असतील तर मागे टांगायची खाच किंवा ब्रॅकेटचा स्क्रू बसेल असं आटे पाडलेलं भोक आहे ना, हे पाहा. बास पोर्ट (खर्जासाठी ठेवलेलं भोक) मागच्या बाजूला असेल तर तो भिंतीला चिकटू देऊ नका.

ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा, आकडा मात्र तपासाच. रिसीव्हरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असं काहीतरी छापलेलं असतं. जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते माळ्यावर पडून आहेत म्हणून नव्या रिसीव्हरला जोडले तर तो तापतो आणि जोरात वाजवताना बंद पडतो.

वायर : किती, कुठली, कुठून

मोजमाप सरळ रेषेत करायचं नाही. रिसीव्हरपासून स्कर्टिंगपर्यंत खाली, भिंतीच्या कडेने मागे, दरवाजा आला तर चौकटीवरून वळसा, मग स्पीकरपर्यंत वर, असा खरा मार्ग टेपने मोजा आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जास्त धरा. सोळा फुटी हॉलमध्ये लांबचा स्पीकर सहज १२ ते १५ मीटर खातो. डावी-उजवी वायर सारख्याच लांबीची हवी हा समज सोडून द्या; चार-पाच मीटरच्या फरकाने काहीही ऐकू येत नाही.

जाडी १.५ चौरस मिलिमीटर पुरे. हिशोब असा : १.५ ची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१२ ओहम रोध देते. १५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे सुमारे ०.३६ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे पाच टक्क्यांच्या आत बसतं. अंतर त्याहून जास्त किंवा स्पीकर चार ओहमचा असेल तर २.५ घ्या. वायर शुद्ध तांब्याची हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच ‘स्पीकर वायर’ ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. वर्णनात ‘सीसीए’ अशी अक्षरं दिसतात. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि टोकं लवकर तुटतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ ची दोन-कोर फ्लेक्सिबल वायर हे काम व्यवस्थित करते. फक्त दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ अशी चिठ्ठी चिकटवा. उद्या वायरमनने ती लाइटची समजून प्लगला जोडायला नको.

मार्ग तीन प्रकारचे. घराचं काम चालू असेल तर भिंतीत झिरी मारून पाइप टाकून घ्या, आणि तो लाइटच्या पाइपपेक्षा वेगळाच असू द्या. स्पीकरची वायर आणि २३० व्होल्टची वायर एका पाइपमध्ये घालायची नाही. गुणगुण येईल म्हणून नव्हे. इन्सुलेशन कधी सोललं तर मेनचा करंट थेट रिसीव्हरमध्ये आणि स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येईल म्हणून. घर तयार असेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी हा सगळ्यात सोपा उपाय, भिंतीच्याच रंगाने रंगवली की महिन्याभरात नजरेला पडत नाही. भाड्याचं घर असेल तर चिकटपट्टीवाली छोटी पट्टी आणि स्टँड, भोकं नकोत.

ॲल्युमिनियम शटरिंगने ओतलेल्या नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीचा भार घेतात. तिथे झिरी मारायचीच नाही. ब्रॅकेटच्या भोकासाठीसुद्धा साधं ड्रिल नुसतं घरघरतं. हॅमर ड्रिल लागतं. आणि कुठल्याही भिंतीत भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वरची, खालची आणि त्याच पातळीतली आडवी पट्टी टाळा. लपवलेल्या वायरी तिथूनच जातात.

जोडणी

रिसीव्हर नुसता बंद करू नका, प्लग काढा.

वायरचं इन्सुलेशन टोकाला एक सेंटीमीटरच सोला. आतले तांब्याचे केस दोन बोटांत धरून घट्ट पीळ द्या, इतका की एकही केस बाहेर डोकावणार नाही. टर्मिनलचं बोंडूक सैल करा, खालच्या भोकातून पीळ आरपार घाला, आवळा. आता टॉर्चच्या उजेडात बघा : लाल टर्मिनलमधला एखादा केस शेजारच्या काळ्याला टेकतोय का? तो एक केस रिसीव्हर बंद पाडायला पुरतो. हात तितका स्थिर नसेल तर बनाना प्लग लावून घ्या, मागे वाकून पुन्हा पुन्हा खटपट करावी लागत नाही.

लाल ते लाल, काळा ते काळा. दोन्ही स्पीकरना एकच नियम. एक सरळ आणि एक उलट जोडला गेला तर आवाज येतो पण तो कुठून येतोय तेच कळत नाही, खर्ज गायब होतो आणि डोक्याला विचित्र दाब जाणवतो.

भिंतीतून आलेल्या दोन्ही वायरी सारख्याच रंगाच्या असतील तर पेन्सिल सेल वापरा. वायर रिसीव्हरपासून सुटी असताना तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून ‘खर्र’ आवाज आला ती वायर त्याची. जाळी काढून दुसऱ्या माणसाला वूफरकडे बघायला सांगा : कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे टेकलाय ती वायर लाल टर्मिनलला गेलेली आहे; आत गेला तर उलट. सेल टेकवून धरून ठेवायचा नाही.

रिसीव्हरला सांगणं

वायर जोडली म्हणून काम झालं नाही. स्पीकर सेटिंगमध्ये ‘सराउंड’ चालू करावा लागतो, आकार ‘स्मॉल’ ठेवायचा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. तीन-साडेतीन इंची वूफरचे चिमुकले स्पीकर असतील तर १२० ते १५०. ‘लार्ज’ लिहिल्याने स्पीकर मोठे होत नाहीत. सबवूफरचं काम त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात पडतं, इतकंच.

मग माइक लावून आपोआप होणारं कॅलिब्रेशन. डेनॉन-मॅरान्झवर ते ऑडिसी नावाने असतं, यामाहावर वायपीएओ. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून सुटा. पंखा आणि एसी बंद. ही वेळ शक्यतो दुपारची निवडा, कारण स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी माइकला टेस्ट टोनइतकीच महत्त्वाची वाटते.

झाल्यावर आकडे डोळ्यांखालून घाला. मागच्या स्पीकरचं अंतर टेपने मोजलेल्या अंतराच्या जवळपास हवं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. मागचा स्पीकर दीड मीटरवर आणि पुढचा तीन मीटरवर असेल तर मागचा आवाज चार-साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो, आणि जो आधी पोचेल त्याच दिशेने आवाज आला असं कान ठरवतात. रिसीव्हर हे अंतर वापरून जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवतो. आकडा चुकला तर पुढच्या पडद्यावरचा गलका मागे ओढल्यासारखा वाटतो. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर काळजी नको, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळही त्यात धरलेला असतो.

पातळीसाठी टेस्ट टोन लावून मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने सोफ्यावर बसून बघा. ॲपचा नेमका आकडा भरवशाचा नसतो, पण पाचही स्पीकर सारखे दाखवतात ना, एवढं तो सांगतो. पहिल्या दिवशी सगळेच मागचे स्पीकर तीन-चार डेसिबल वाढवून ठेवतात. नवीन आहेत तर ऐकू यायला हवेत ना! पाहुण्यांना दाखवून झालं की परत खाली आणा.

टीव्हीतली ती एक ओळ

सगळं बरोबर, टेस्ट टोन मागून छान वाजतो, पण सिनेमा लावला की मागे सामसूम. अशा वेळी स्पीकर सोडा आणि टीव्हीचं साउंड सेटिंग उघडा. ‘डिजिटल साउंड आउटपुट’ किंवा तशाच नावाची ओळ असते आणि तिथे ‘पीसीएम’ निवडलेलं असतं. या स्थितीत टीव्ही पाच चॅनेलचं दोन चॅनेल करून रिसीव्हरला देतो. तिथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ निवडा.

एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी, बाकीच्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज परत येत नाही. ओटीटी ॲपच्या ५.१ साठी साधा एआरसी पुरतो. ब्लू-रेचा अस्सल, न दाबलेला ध्वनी टीव्हीमार्गे आणायचा असेल तर ईएआरसी लागतो, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडावा. काय येतंय ते रिसीव्हरच्या डिस्प्लेवर लिहिलेलं असतं. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ दिसलं की ठीक.

त्यातही एक पाचर आहे. ॲपमध्ये भाषा बदलली की ट्रॅक बदलतो. मूळ भाषेच्या ट्रॅकला ५.१ असतं आणि डब केलेल्या भाषेला कधी कधी फक्त स्टिरिओ.

डीडी सह्याद्री, बातम्या, जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग ही स्टिरिओच. त्यांच्यासाठी रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल एक्स’ निवडलं तर तो टाळ्या आणि सभागृहाचा घुमार ओळखून मागे पाठवतो. क्रिकेटच्या गर्दीसाठी हे फार छान चालतं. नाट्यसंगीत आणि भावगीतं मी साध्या स्टिरिओवरच ऐकतो. ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ घरच्या गणपतीची आरती सगळ्या हॉलभर ऐकू जावी म्हणून ठीक आहे, एरवी तो पर्याय विसरा.

काही बिघडलंच तर

सिनेमात मागचे स्पीकर सतत वाजत नाहीत. संवाद मुख्यतः सेंटरमधून येतात. मागे पाऊस, रहदारी, गर्दी, पार्श्वसंगीताची किनार. पाच मिनिटं काही आलं नाही म्हणजे बिघाड नव्हे. शंका असेल तर टेस्ट टोन लावा.

एकच स्पीकर गप्प असेल तर प्लग काढून रिसीव्हरवर डावी-उजवी वायर अदलाबदल करा. गप्प बसणारा तोच राहिला तर दोष वायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. शांतता दुसऱ्या स्पीकरकडे गेली तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

रिसीव्हर चालू करताच बंद होऊन लाल दिवा लुकलुकत असेल तर तो ‘प्रोटेक्ट’मध्ये गेला आहे. पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्लग काढा, मागच्या सगळ्या वायरी सोडवा आणि मोकळाच चालू करून बघा. चालू राहिला तर प्रत्येक वेळी प्लग काढून एकेक स्पीकर परत जोडत जा. ज्याच्यावर पुन्हा बंद पडेल त्याच्या दोन्ही टोकांचे तांब्याचे केस तपासा, आणि वायर दाराच्या चौकटीत किंवा केसिंग पट्टीच्या खिळ्याखाली चेपली आहे का तेही. मोकळाही चालू राहिला नाही तर मात्र तो सर्व्हिस सेंटरलाच न्यावा लागेल.